टीएसएच-४एम रणगाडा-टोपी: एक कान बंद, गळ्याचा माईक मुका, आतला फोम भुगा

सुतळीबोल्ट (प्रश्न)

मंडळी, सोव्हिएत बनावटीची टीएसएच-४एम हाती आहे. रणगाड्याच्या क्रूची ती काळी, गादीच्या वळ्यावळ्यांची टोपी. उन्हाळी प्रकार, फरचं अस्तर नाही. कापड आणि शिवण ठीक आहे, बाकी अवस्था अशी:

डावा कान पूर्ण बंद. उजव्यात लॅपटॉपचा आवाज येतो, पण फार बारीक. गळ्याचा माईक लॅपटॉपच्या माईकच्या भोकात जोडला तर काहीच येत नाही, नुसता "टप्" होऊन शांत. कानाच्या कपातला फोम हात लावला की भुगा होतो आणि चिकटतो. प्लगच्या पिनांवर हिरवा कळंक चढलाय.

प्रदर्शनात चालू डिझेल इंजिनाशेजारी दोघांनी टोप्या घालून एकमेकांशी बोलून दाखवायचं, असा बेत आहे. म्हणून चार गोष्टी विचारायच्या आहेत: वायरिंग कसं ओळखायचं, माईक का बोलत नाही, फोमच्या जागी काय भरायचं, आणि इंजिनाच्या आवाजापासून या टोपीने कान खरंच वाचतात का? जोडीला एक मित्राचा प्रश्न: मोटरसायकलवर घातली तर चालेल का?

तारजोड

आधी विजेचा भाग सांगतो.

टीएसएच-४ मालिकेत कानात टीए-५६एम कॅप्सूल (आवाजाच्या छोट्या डब्या) असतात आणि गळ्याच्या पट्ट्यात एलईएम-३ माईकच्या कॅप्सूल. दोन्ही विद्युतचुंबकीय आहेत, म्हणजे चुंबक, गुंडाळी आणि पातळ पडदा. हे नीट लक्षात ठेवा, कारण माईक मुका का याचं उत्तर त्यातच आहे. लॅपटॉपचं माईकचं भोक इलेक्ट्रेट माईकसाठी, म्हणजे बाहेरून वीज लागणाऱ्या छोट्या माईकसाठी बनवलेलं असतं. त्यातून दोन-तीन व्होल्ट डीसी एका रोधातून बाहेर येतो. तुमच्या एलईएम-३ ला त्याची गरज नाही. उलट तो प्रवाह गुंडाळीतून वाहतो आणि पडद्याला एका बाजूला ओढून धरतो. तुम्ही ऐकलेला "टप्" तो हाच. शिवाय या कॅप्सूलचा सिग्नल इलेक्ट्रेटच्या मानाने फार कमजोर असतो. रणगाड्यात त्याच्यामागे आर-१२४ इंटरकॉमचा ॲम्प्लिफायर असायचा, इथे कोणीच नाही.

उपाय: माईकच्या तारेत मालिकेत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला. इलेक्ट्रोलायटिक असेल तर अधिक टोक लॅपटॉपकडे. त्याने डीसी अडेल. मग साधारण १०० पट, म्हणजे ४० डेसिबल वाढ देणारा माईक-प्रीॲम्प मध्ये टाका. तयार मॉड्यूल घेणार असाल तर "डायनॅमिक माईकसाठी" असं लिहिलेलं घ्या, इलेक्ट्रेटचं नको. इलेक्ट्रेटच्या मॉड्यूलवर बायसचा, म्हणजे तो डीसी पुरवणारा रोध असतोच, तो काढावा लागतो.

आता पिना. टोपीच्या प्लगला चार संपर्क आहेत: दोन कानांचे, दोन गळ्याचे. चित्र शोधत बसू नका. हातातला नमुना कोणीतरी आधी उघडून आपल्या पद्धतीने जोडलेला असण्याची शक्यता बरीच असते. मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि चार पिनांच्या सहाही जोड्या तपासा. टोपी डोक्यावर किंवा निदान कप कानाशी हवा. ज्या जोडीला मीटरची टोकं टेकताच कानात "टिक्" होतं ती कानाची. उरलेली जोडी गळ्याची. चारही पिना एकमेकींशी काही ना काही आकडा दाखवत असतील तर कुठेतरी समाईक तार आहे किंवा ओल शिरली आहे. पिन आणि प्लगचं धातूचं कवच यांच्यामध्येही आकडा दिसला तर घामाचं मीठ आत गेलंय असं समजा. आधी साफसफाई, मग पुढचं.

कॅप्सूलवर रोध छापलेला असतो. टीए-५६एम मध्ये १६०० ओहमची सर्रास सापडते, पण कमी ओहमचीही निघाली आहे, म्हणून वाचून घ्या. मीटरवर छापल्यापेक्षा बराच कमी आकडा येईल. घाबरू नका, छापलेला आकडा आवाजाच्या वारंवारतेवरचा आहे, मीटर डीसी मोजतो.

डावा मेला आणि उजवा जिवंत, यावरूनच थोडं निदान होतं. दोन्ही कान मालिकेत असते आणि डावीकडची तार तुटली असती तर उजवाही बंद पडला असता. म्हणजे एकतर ते समांतर आहेत आणि डावीकडे तुटलंय, किंवा मालिकेत आहेत आणि डावीकडे शॉर्ट आहे. उजव्या कॅप्सूलची एक तार सोडवून डाव्या कॅप्सूलच्या दोन टोकांवर मोजा. मीटरने जवळपास शून्य दाखवला तर दुसरी शक्यता, नाहीतर पहिली.

कॅप्सूलच गेली की तार, हे बॅटरीशिवाय कळतं. दोन्ही कॅप्सूल काढून दोन तारांनी एकमेकींना थेट जोडा. शांत खोलीत एकीत बोला, दुसरी कानाला लावा. दोन्ही चांगल्या असतील तर बारीक पण स्पष्ट आवाज येतो, कारण विद्युतचुंबकीय कॅप्सूल उलटीही चालते. बॅटरी लावून तपासायचा मोह झालाच तर १.५ व्होल्टचा सेल आणि मालिकेत १ किलोओहम, आणि फक्त स्पर्श करून सोडायचं. धरून ठेवू नका.

बहुतेक वेळा गुन्हेगार तार असते, आणि तीही दोनच जागी: कपात शिरते तिथे, नाहीतर प्लगच्या मानेशी. हेडसेटच्या जुन्या तारांमध्ये सुती किंवा रेशमी धाग्याभोवती गुंडाळलेली तांब्याची पातळ पट्टी असते. लवचिक असते, पण सोल्डरला अजिबात दाद देत नाही. सोल्डरची इस्त्री टेकवली की आतला धागा जळतो आणि जोड दोन दिवसांत निखळतो. अशा तारेवर बारीक पितळी नळी दाबून बसवा, म्हणजे क्रिंप, आणि सोल्डर त्या नळीला बाहेरून द्या. तारेला कपाच्या आत एक गाठ मारा किंवा दोऱ्याने बांधून घ्या, म्हणजे ताण जोडावर येणार नाही.

कळंकासाठी काचतंतूंचा पेन-ब्रश आणि कॉन्टॅक्ट क्लीनर. सँडपेपर नको, पिनेवरचा मुलामा गेला की कळंक दुप्पट वेगाने परत येतो.

कानातला आवाज वाढवायला एलएम३८६ ही ॲम्प्लिफायरची चिप पुरेशी आहे. ९ व्होल्ट, नेहमीचं २० पटीचं सर्किट, पिन १ आणि ८ मोकळ्या. आउटपुटला २२० मायक्रोफॅरड, मग १०० ओहम, मग कान. आणि कानाच्या दोन टोकांवर १एन४१४८ डायोड, दोन मालिकेत एका दिशेने आणि दोन उलट दिशेने, समांतर. हे चार डायोड गाळू नका. प्रीॲम्पची तार सुटली, प्लग अर्धवट बसला, की जो कडकडाट होतो तो थेट कानाच्या पडद्यावर जातो. डायोड त्याला सव्वा व्होल्टाच्या आसपास कापतात. हवेत टांगलेल्या स्पीकरला आणि कानावर घट्ट बसलेल्या कपाला एकच न्याय लावता येत नाही.

भंगारसम्राट

मोटरसायकलचं आधी निकालात काढतो: नाही. अजिबात नाही.

या टोपीच्या वळ्या रणगाड्याच्या आतल्या ठोकरांसाठी आहेत. गाडी खड्ड्यात आपटली की डोकं हॅचच्या कडेला, पेरिस्कोपच्या चौकटीला, तोफेच्या ब्रीचला (मागच्या तोंडाला) लागतं. वेग थोडा, धक्के वारंवार. रस्त्यावरच्या हेल्मेटमध्ये कडक कवच आणि त्याखाली एकदाच चिरडून ऊर्जा खाणारा थर असतो. इथे कवच नाही आणि तो थरही नाही. हनुवटीची पट्टी सुद्धा टोपी जागेवर ठेवण्यापुरती. गोळी किंवा छर्राही ही टोपी अडवत नाही. अमेरिकनांची दुसऱ्या महायुद्धातली एम१९३८ दाबलेल्या तंतूंच्या कडक कवचाची, भोकं पाडलेली होती. तीही ठोकरीपुरतीच, त्यामुळे हॅचमधून डोकं बाहेर काढताना काही जण वरून पोलादी हेल्मेट चढवत. पुढे डीएच-१३२ मध्ये त्यांनी दोन भाग केले: आत कान, माईक आणि जाळीचं अस्तर, वर वेगळं केव्हलारचं कवच. कवच काढलं तरी बोलणं चालू राहतं.

सोव्हिएत टोपी मऊ राहिली त्यालाही कारण आहे. त्यांच्या रणगाड्यांत डोक्यावर जागा कमी, आणि गनरला कपाळ दुर्बिणीच्या रबरी उशीत रुतवून बसावं लागतं. कपाळावर कडक कड आली तर डोळा भिंगापासून लांब जातो आणि दृश्याचा घेर कापला जातो. म्हणून पुढची वळी मऊ. तुम्ही फोम बदलताना त्या पुढच्या वळीत काही कडक भरू नका.

डेसिबल

कान वाचतात का, हा खरा प्रश्न. माझ्या मते टोपीच्या बाबतीत वायरिंग ही दुय्यम गोष्ट आहे. कप कानाभोवती हवाबंद बसतोय की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. बोलणं ऐकू येणंसुद्धा.

साखळी अशी आहे. सील गळकी असेल तर इंजिनाचा आवाज आत येतो. आवाज आत आला की माणूस इंटरकॉमचा आवाज वाढवतो. मग कानावर इंजिन आणि इंटरकॉम दोन्हींचा मारा होतो, आणि इंटरकॉमचा वाटा कधी कधी इंजिनाहून मोठा असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, टोपी आहे ना डोक्यावर, मग काळजी कसली.

आकडे हिशेबात घ्या. कामाच्या ठिकाणासाठी सर्वसाधारण मानली जाणारी सुरक्षित मर्यादा आहे ८५ डेसिबल-ए (माणसाच्या कानाला जाणवतं त्या मानाने मोजलेला आवाज), आठ तास. त्यावर दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला फक्त १५ मिनिटं. ही पातळी कानापाशी पोचणारी, टोपीच्या आतली. पट्ट्यांवर वेगात धावणाऱ्या रणगाड्याच्या पोटात ११० च्या वर आवाज असतो, म्हणजे संरक्षण नसेल तर हिशेब मिनिटांचासुद्धा राहत नाही. तुमच्या इंजिनापाशी किती आहे ते मीटरने मोजा, ए-वेटिंगवर, जिथे डोकं असणार तिथेच. चार पावलं मागे उभं राहून मोजलेला आकडा कामाचा नाही.

आता वाईट बातमी. मऊ टोपी जाड आवाजाला फारशी अडवत नाही. शिट्टी, खणखणाट, हजार हर्ट्झच्या वरचं सगळं बऱ्यापैकी कापलं जातं. पण डिझेलचा धडधडाट आणि पट्ट्यांचा खडखडाट यांची बरीच ताकद २५० हर्ट्झच्या खाली असते, आणि तिथे हलका कप, मऊ कापड, ढिली पट्टी यांचा जोर चालत नाही. कप जड, आतली पोकळी मोठी आणि सील घट्ट असेल तेव्हाच खालच्या पट्टीत फरक पडतो. या टोपीत तिन्हींची थोडीथोडी तडजोड केलेली आहे.

सीलची तपासणी साधी आहे. इंजिन चालू असताना टोपी घाला, पट्टी नेहमीसारखी बांधा, मग तळहातांनी दोन्ही कप डोक्यावर दाबा. आवाज एकदम कमी झाला तर सील गळतेय. काहीच फरक पडला नाही तर ठीक बसलंय. गळतीची कारणं ठरलेली असतात: चष्म्याच्या दांड्या, कपाखाली अडकलेले केस किंवा टोपडं, कडक झालेली किंवा चिरलेली कडा, आणि टोपीचा माप मोठा. चष्मा घालणाऱ्याने सरळ, पातळ दांडीचा घ्यावा. वाकडी जाड दांडी कपाच्या कडेखाली बोळ तयार करते आणि त्यातून जाड आवाज सरळ आत येतो. थंडीचं टोपडं घालायचंच असेल तर कानाच्या जागी भोक पाडलेलं हवं.

तुम्हा दोघांसाठी माझा सल्ला: टोपीखाली फोमचे इअरप्लग घाला. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, आत सारा, आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवा. लोक हे धरून ठेवणंच टाळतात, मग प्लग अर्धा बाहेर येतो. दोन संरक्षणांची बेरीज होत नाही. प्लगचे ३० आणि कपाचे २० मिळून ५० होत नाहीत. दोन्हींतल्या चांगल्यावर साधारण ५ ते १० डेसिबलची भर पडते, कारण पुढे आवाज कवटीच्या हाडातून जायला लागतो. पण तुमच्या कामाला तेवढं पुरतं. प्लग घातल्यावर बोलणं ऐकू येणार नाही अशी भीती असेल तर सोडून द्या. प्लग इंजिन आणि बोलणं दोन्ही सारखंच दाबतो, दोघांचं प्रमाण बदलत नाही. आवाज थोडा वाढवा, शब्द तितकेच कळतील, बहुधा जास्तच.

काही नव्या हेडसेटमध्ये कपाच्या आत एक माईक असतो, तो आतला गोंगाट ऐकून त्याच्या उलट लहर स्पीकरमधून सोडतो. हे तंत्र नेमकं खालच्या पट्टीत, साधारण हजार हर्ट्झच्या आत काम करतं, म्हणजे जिथे कप हरतो तिथे. पण त्यालाही सील लागतेच. सील सुटली की तो फेरा बिघडतो आणि कपातून गुरगुर किंवा शिट्टी येते. असा हेडसेट शिट्टी मारायला लागला की लोक इलेक्ट्रॉनिक्स उघडतात. आधी कानाची उशी बघा.

टाचणदोरा

फोम आणि कापड माझ्याकडे.

जो भुगा होतोय तो पॉलियुरेथेन फोम आहे. हवेतल्या ओलाव्याने त्याची साखळी तुटत जाते, आधी चिकट, मग भुरभुरीत. तो वाचवता येत नाही, काढून टाका. कॅप्सूल आधी सोडवा, तारांचे फोटो काढा. मग व्हॅक्यूमच्या तोंडावर मलमलीचा तुकडा बांधून भुगा ओढून घ्या. फुंकर मारू नका, तो चिकट भुगा कॅप्सूलच्या जाळीत बसला की आवाज कायमचा मंदावतो. कपाच्या भिंतीवर उरलेला थर बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा.

दोन जागा, दोन वेगळे फोम. कॅप्सूलच्या आजूबाजूला, कपाच्या पोकळीत सच्छिद्र, हवा आरपार जाणारा फोम हवा. तो आतले पडसाद खातो. पोकळी रिकामी ठेवली तर आवाज डबक्यातून बोलल्यासारखा घुमतो. कानाभोवतीच्या कडेला मात्र बंद छिद्रांचा किंवा हळूहळू दबणारा फोम घ्या, १० ते १२ मिमी, आणि वरून मऊ कातडं किंवा कृत्रिम कातड्याचं आवरण. कडेला सच्छिद्र फोम वापरला तर डेसिबल यांनी वर सांगितलं तेच होईल: हवा आरपार, आवाजही आरपार. शिवण कपाच्या बाहेरच्या बाजूला घ्या. कानाकडच्या बाजूला शिवणीच्या भोकांची रांग म्हणजे गळतीची रांग.

डोक्याच्या वळ्यांमध्ये काय आहे ते बाहेरून दाबून कळतं. दाबल्यावर लगेच परत येत असेल तर राहू द्या. गठ्ठे लागत असतील किंवा कुरकुर आवाज येत असेल तरच एका टोकाची शिवण उसवा. वळी उसवताना जुनी भोकं मोजून त्याच भोकांतून परत शिवा, नवीन भोकं पाडली की जुनं कापड त्या रेषेवर फाटतं.

टोपी पाण्यात बुडवू नका. कोमट पाण्यात साधा सौम्य साबण, कापड बुडवून घट्ट पिळून पुसा, मग नुसत्या पाण्याच्या ओल्या कापडाने दोनदा. घामाचं मीठ राहिलं तर पावसाळ्यात ते पुन्हा ओल धरतं आणि तारा खातं. आत टॉवेलचा गोळा भरून सावलीत वाळवा. कातड्याच्या भागांना तेल चोपडू नका, तेल कापडात उतरतं आणि रबर फुगवतं. रबराच्या कडेला पेट्रोल, डिझेल, मशीनचं तेल काहीही नको. स्पिरिटने रोज पुसलं तर कृत्रिम कातडं कडक होतं, म्हणून ते क्वचित.

जोडीची टोपी हिवाळी, मेंढीच्या कातड्याच्या अस्तराची असेल तर कसर बघा. लोकर मुळाशी कुरतडलेली, बारीक वाळूसारखे कण, ही खूण. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे २० अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड कातड्यावर आणि कॅप्सूलवर दव धरतं. फ्रीजरच्या आधी कॅप्सूल काढता आल्या तर उत्तम. डांबराच्या गोळ्या टोपीत कोंबणं हा उपाय मला पसंत नाही, तो वास फोम आणि लोकर दोन्हींत मुरतो आणि घालणाऱ्याचं डोकं चढतं.

सुतळीबोल्ट

सगळ्यांचे आभार. डावीकडची तार कपात शिरताना तुटली होती, क्रिंप केली, दोन्ही कान चालू. गळ्याचा माईक कपॅसिटर आणि प्रीॲम्प लावून बोलायला लागला, पण विचित्र प्रकार आहे. एक-एक कॅप्सूल वेगळी जोडली तर आवाज चांगला येतो. दोन्ही एकत्र जोडल्या की आवाज एकदम पडतो आणि पातळ होतो. शिवाय शब्द नीट कळत नाहीत, सगळं घशात अडकल्यासारखं. हे सगळं काढून तोंडासमोरचा दांडीवाला माईक लावू का?

तारजोड

दोघी एकमेकींना खोडतायत. बोलताना कंठाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी बाहेर आणि आत हलतात, म्हणून दोन्ही कॅप्सूलचे सिग्नल एकाच दिशेचे हवेत. एकीच्या तारा उलट्या लागल्या की वजाबाकी होते. एका कॅप्सूलच्या दोन तारांची अदलाबदल करा, बस्स.

खात्री हवी असेल तर प्रत्येक कॅप्सूल त्याच दोन तारांना एकेक करून लावा, त्वचेकडच्या तोंडावर नखाने टिचकी मारा आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. लहर मोठी करून बघा, पहिलं टोक वर जातं की खाली. दोन्हींचं एकाच बाजूला जायला हवं. मग तारांवर रंगीत दोरा बांधून ठेवा.

शब्द न कळण्याचं कारण वेगळं आहे आणि ते पूर्ण जाणार नाही. गळ्याचा माईक कंठाची थरथर उचलतो. स, श, फ, च हे आवाज तोंडात, दात-ओठ-जिभेपाशी बनतात, गळ्याच्या कातडीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून "सात" मधला स गळतो आणि पलीकडच्याला "आत" की "आठ" ते कळत नाही. "साठ" चंही तेच. आकडे सांगायचे तर एकेक अंक सुटा बोला, आणि सात-आठची गल्लत होणारच म्हणून तुमच्या प्रयोगापुरतं दोघांनी आधी ठरवून घ्या की पलीकडच्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं. ओरडू नका. ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं होती तेवढीच राहतात, आणि प्रीॲम्प कापायला लागतो. नेहमीच्या बोलण्याहून किंचित सावकाश, सपाट आवाजात.

इक्वलायझर असेल तर २५० हर्ट्झच्या खालचं कापा आणि दीड ते तीन हजारच्या पट्ट्यात ६ ते १० डेसिबल चढवा. त्याने बराच फरक पडतो. त्याहून वर चढवण्यात अर्थ नाही, तिथे सिग्नलच नसतो, फक्त फुसफुस वाढते.

पट्टा कुठे बांधलाय तेही बघा. दोन्ही कॅप्सूल कंठमण्याच्या दोन बाजूंना, किंचित वर, उघड्या त्वचेवर. मध्ये कॉलर किंवा मफलर आला की संपलं. पट्ट्याखालून एक बोट जाईल इतपत घट्ट. ढिला असला की मान वळवताना कॅप्सूल घासते आणि खरखर येते, फार घट्ट असला की गिळताना त्रास आणि आवाजही बदलतो.

भंगारसम्राट

दांडीचा माईक लावू नका, प्रदर्शनाची गंमतच ती आहे की ओठांसमोर काही नसताना माणूस गोंगाटात बोलतोय. आणि जुन्या गळ्याच्या माईकांमध्ये कार्बनचे दाणे असलेला प्रकारही असतो, उदाहरणार्थ अमेरिकन टी-३०. तसा कोणी आणून दिला तर तारजोड यांचं सर्किट त्याला चालणार नाही. कार्बनच्या माईकला डीसी लागतोच, आणि कपॅसिटर नेमका तोच अडवतो. ओळख सोपी: मीटर ओहमवर लावून हलवा किंवा गुणगुणा, आकडा नाचत असेल तर कार्बन. दाणे गोठले असतील तर हलकेच टिचकी, हातोडी नव्हे.

डेसिबल

मी इथे थोडा वेगळा. दोघांपैकी एकाला दाढी असेल, किंवा गळा फार मांसल असेल, तर गळ्याचा माईक कितीही बसवला तरी कच खातो. त्या एका टोपीला दांडीचा, गोंगाट खोडणारा माईक लावायला हरकत नाही, पण तो बसवायची रीत पाळा. अशा माईकला पुढे आणि मागे दोन्हीकडे भोकं असतात. लांबचा आवाज दोन्हीकडून सारखा शिरतो आणि खोडला जातो, जवळचा फक्त पुढून जोरात शिरतो. म्हणून तो ओठांपासून ३ ते ६ मिमीवर, जवळजवळ टेकलेला हवा. बोटभर लांब गेला की तुमचा आवाजही "लांबचा" ठरून खोडला जातो. मागच्या भोकांवर टेप, गोंद किंवा टाचणदोरा यांच्या त्या चिकट भुग्याचा थर बसला तर खोडणं बंद आणि इंजिन जसंच्या तसं आत. ओठांकडची बाजू खूण करून ठेवा, उलटा वळला तर कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि टोपीची तार लॅपटॉपला किंवा टेबलाला गाठ मारून पक्की करू नका. मूळ रचनेत टोपीची तार छातीवरच्या कळीच्या (स्विचच्या) जोडाला जाते, आणि घाईत गाडीतून उडी मारली की ओढ लागून तो जोड आपोआप सुटतो. चालत्या इंजिनाशेजारी, फिरत्या पट्ट्याजवळ तार सुटणारीच हवी. जोड छातीपाशी ठेवा, फ्लायव्हीलपासून लांबच्या बाजूने तार न्या, आणि पाहुण्यांसमोर आणण्याआधी दोघांनीही एकेकदा ओढून बघा की खरंच सुटतो.